काजळीचा नवा पत्ता

३ मार्च
एकच अकाउंट ठेवणाऱ्यांची मला कीव येते. तोच चेहरा घरी, तोच दुकानात. माझी चार सर्व्हरवर चार अकाउंटं. सर्व्हर वेगळे, पण एकमेकांना जोडलेले. इथलं तिथे वाचता येतं. एक माझ्या नावाचं. डोळ्यांचं आरोग्य, लेन्सची निगा वगैरे. ते मालकीणबाईंसाठी, कारण नव्या शाखेचा मॅनेजर त्याच ठरवणार. दुसरं फोटोंचं. तिसरं रिकामं, अडीअडचणीला. चौथं ‘काजळी’, निनावी. तिथे आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या मूर्खांची हजेरी घेतो.

४ मार्च
बायकोने विचारलं, एवढी कशाला? म्हटलं, प्रत्येक जागी वेगळं बोलावं लागतं. म्हणाली, मग घरासाठीही एक उघडा. हिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

८ मार्च
नावाच्या अकाउंटला फॉलोअर सहा. पैकी तीन मीच. दर्जा म्हटला की गर्दी कमीच. काजळीला चारशे. यावरून लोकांची लायकी कळते. आज होयबावर लिहिलं. होयबा म्हणजे शेजारच्या काउंटरवरचा नग. काहीही विचारा, हो म्हणतो. गिऱ्हाइकाने विचारलं, ही फ्रेम शोभते का? हो. फ्रेम उलटी होती.

१२ मार्च
काजळीचा सर्व्हर बंद होतोय. चालवणारा कंटाळला म्हणे. बेजबाबदार लेकाचा. पण सोय आहे. नव्या अकाउंटचा पत्ता द्यायचा, फॉलोअर आपोआप मागे येतात. रिकाम्या अकाउंटवर हलवीन. फक्त डोकं लागतं.

१३ मार्च, दुपार
हलवलं. चहा निवायच्या आत काम फत्ते.

१३ मार्च, संध्याकाळ
माझ्या नावाच्या अकाउंटला एकदम चारशेवर फॉलोअर! उशिरा का होईना, लोकांना अक्कल आली.

त्यानंतर लगेच
चारही अकाउंटं एकदम उघडी होती. पत्ता रिकाम्याऐवजी माझ्याच नावाचा दिला गेला. काजळी आता इथे राहते, अशी सगळ्यांना सूचना गेली. मालकीणबाईंनाही; नव्या फॉलोअरांत त्याही दिसल्या. मेलो. मॅनेजरकी गेली.

१४ मार्च
मालकीणबाईंनी आत बोलावलं. खिशात माफीनामा घेऊन गेलो. रागावल्याच नाहीत. काजळी त्या रोज वाचतात. हा आपल्याच दुकानातला कुणीतरी, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं.
“ते तुम्ही होतात? मी होयबांना विचारलं, तर ते हो म्हणाले.”
स्वतःचीच एवढी टर उडवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. म्हणून परवाच शाखा त्याला देऊन टाकली. माझं डोळ्यांचं अकाउंट मात्र वाचवत नाही म्हणाल्या.

१५ मार्च
होयबाने बोलावलं. आता साहेब. शाखेच्या अकाउंटवर काजळीसारखंच रोज काहीतरी हवंय, त्याला जमत नाही, लिहून द्याल का? नाव त्याचं. पहिला विषयही त्यानेच सुचवला: मी.
तोंडावर नाही म्हणायचं ठरवूनच गेलो होतो.
हो म्हणालो.