मोगऱ्याच्या बुंध्याशी मीठ

रत्नागिरी, रविवार, १२ मे १९८५

मोगऱ्याची पानं का करपतायत म्हणून आज बुंध्याची माती चिमटीत घेतली, तर पांढरी. जिभेला लावून पाहिली. मीठ!

ठाण्याच्या नणंदेने लिहिलं होतं, "वहिनी, माशांच्या टाकीतलं पाणी फेकू नकोस, झाडांना घाल. माझा गुलाब बघ कसा फुललाय." तिचे मासे दुकानातले, नळाच्या पाण्यातले. आमचे मात्र ह्यांनी मस्कतला जाण्याआधी खडकांतून धरून आणलेले. दर रविवारी त्यांच्यासाठी समुद्राचं पाणी कळशीने मीच आणते, आणि जुनं पाणी महिनाभर मोगऱ्याला घातलं. कसं सुचलं नाही मला?

सासूबाई म्हणाल्या, "अगो, खारं पाणी झाडाला कोण घालतं?" आणि हसल्या. मीही हसले. काय करणार?

मोगराही ह्यांनीच लावलेला, जायच्या आदल्या दिवशी. परवाच्या पत्रात होतं, "कळ्या आल्या की त्यातल्या दोन पाकिटात घाल."

उत्तर लिहिलं. मासे मजेत आहेत, असं. शेजारच्या कुंपणातल्या दोन कळ्या आत घातल्या. पाकीट चिकटवायला डिंकावर जीभ फिरवली, तर तोही खारट लागला.