एका सिटिंगचे बारा दिनार

मनामा, बहारीन
शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९९६

प्रिय आकिब,

सलाम-दुवा पहिल्याच ओळीत उरकून घेते, कारण डोकं तापलेलं आहे आणि तापलेल्या डोक्याने मला लांबण लावता येत नाही. अम्मीचा खोकला, विहिरीचं पाणी, मसूदाखालाच्या मुलीचं लग्न, सगळं तुझ्या पत्रातून कळलं. उत्तरात मी दर वेळी लिहिते की इकडे सर्व खुशाल. या वेळी लिहिणार नाही. अब्बा बरे नाहीत. त्यांना बरं करायचं म्हणून मी दोन महिने ज्या खिडक्यांपुढे उभी राहते आहे, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुझे दुल्हाभाई ऐकून ऐकून थकले. परवा जेवताना हे म्हणाले, "उमैमा, आता एक सिटिंग तूच घे. पैसे मी भरतो." हसावं की ताट आपटावं, कळेना.

उन्हाळ्यात सलमाबादच्या वर्कशॉपात स्फोट झाला, गुहागरचा दत्तप्रसाद गेला आणि अब्बा वाचले, इतकं तुम्हाला कळवलं होतं. दत्तप्रसाद टँकरला वेल्डिंग करत होता. टँकर रिकामा आहे असं सांगितलेलं, पण आत वायू राहिला होता. अब्बा रॉड आणायला गुदामात गेले होते, म्हणून आज आहेत. कंपनीच्या कॅम्पात एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर दोघांनी किती वर्षं काढली ते तुला माहीतच आहे. रमजानात दत्तप्रसाद अब्बांना पहाटेच्या सहरीसाठी उठवायचा आणि गणपतीत अब्बा त्याला रजा मिळावी म्हणून सुपरवायझरशी भांडायचे. पुढचं मात्र आम्ही कळवलं नाही. अब्बा झोपत नाहीत. वर्कशॉपात कुणी हातोडा टाकला तरी मटकन खाली बसतात. हात थरथरतो तो लपवायला सतत काहीतरी धरून ठेवतात. मागच्या महिन्यात ग्राइंडर निसटून बुटावर पडला. बूट फाटला, पाय वाचला. सुपरवायझरला सांगितलं, तेलाने हात घसरला. पुढच्या वेळी बूट मध्ये असेलच असं नाही, आणि हेच माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेच्या ऑफिसात मुलांच्या फीच्या पावत्या फाडताना फोन वाजला की पावती अर्धी सोडून मीच आधी धावते.

म्हणून मी त्यांना सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरबाई चांगली. अब्बांना आलटूनपालटून हिंदीत आणि अरबीत विचारलं आणि चिठ्ठी लिहून दिली, सरकारच्या मानसिक आजारांच्या रुग्णालयाची. म्हणाली, कार्ड दाखवा, परदेशी माणसाला थोडेसे पैसे पडतील, बाकी सरकारचं. तिथे गोळ्याही मिळतील आणि बोलून उपचार करणाऱ्याही आहेत, फक्त थोडे आठवडे थांबावं लागेल. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर आल्यावर मी अब्बांना मोसंबीचा रस पाजला. रस पिऊन झाल्यावर अब्बा म्हणाले, "मी येडा नाय. त्या गेटातून मी जाणार नाय." आणि चिठ्ठी घडी करून माझ्याच पर्समध्ये ठेवली. नझीरमामू त्यांच्याच बाजूचे. "त्या दवाखान्यात गेलेल्या माणसाला इथं कोण कामावर ठेवील? एकदा नाव चढलं की खलास!" मी म्हटलं, मामू, कुणाला काढलेलं तुम्ही पाहिलंय का? तर म्हणाले, "पाहायला तो राहतो कुठं इथं? गावाला नाय का जात?"

मग खाजगी. ऑफिसातल्या हमीदाने पत्ता दिला. अरुणा मॅडम म्हणून आहेत, मूळच्या हैदराबादच्या, हिंदी बोलतात. त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नाहीत, मानसशास्त्रज्ञ आहेत, माणसाला बोलतं करतात. एका सिटिंगचे बारा दिनार, म्हणजे अब्बांची तीन दिवसांची मजुरी. मी काउंटरवर सगळं नीट विचारून घेतलं: किती वेळ, किती सिटिंग, न आल्यास काय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, इतकं तर कोणी विचारत नाही. पण आपल्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच, म्हणून कागद दिसला की सगळे माझ्याकडे बघतात आणि चुकलं तर तेही माझंच. विचारलेलं बरं. घरी येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि तिथेच घोळ केला. मी म्हणाले, फी माणशी नाही, सिटिंगमागे आहे.

मामूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "म्हणजे टॅक्सीसारखंच की गं! एकटा बसला तरी तेवढेच, चौघं बसली तरी तेवढेच. मग तुझ्या बापाने एकट्याने का बसायचं?" आपल्याकडे भाड्याने केलेल्या गाडीत जागा रिकामी ठेवणं म्हणजे पाप. गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं गेलो आणि चौघंही आत शिरलो. मॅडमना काही बोलायला वाव मिळण्याआधीच मामूंनी खुर्च्या ओढल्या. मॅडमनी अब्बांना विचारलं, नींद कैसी है? उत्तर मामूंनी दिलं. विचारलं, भूख लगती है? उत्तर तुझ्या दुल्हाभाईंनी दिलं, आणि वर कॅम्पातली डाळ कशी पातळ असते तेही सांगितलं. मग मामूंनी पायजमा वर करून गुडघा दाखवला. "मॅडम, इस घुटने का भी दिमाग से कुछ रिश्ता है क्या?" मॅडम म्हणाल्या, "है चाचा, लेकिन आज नहीं." अब्बा मांडीवर टोपी ठेवून, जणू दुसऱ्याच कुणाच्या सिटिंगला सोबत म्हणून आल्यासारखे, भिंतीकडे बघत राहिले. परतताना मामू खूश. "चांगली आहे बाई. पण पुढच्या वेळी तुझ्या अजरामामीला पण नेऊ, तिचं डोकं दुखतं."

दुसऱ्या वेळी मी कुणाला आत सोडलं नाही, दारातच बसले. अब्बा एकटे गेले आणि वेळ संपायच्या कितीतरी आधी बाहेर आले. थेट काउंटरवर. "मैं कुछ बोला नहीं. आधा वापस दो." ती मुलगी हसली, "चाचा, टाइम का पैसा है, बात का नहीं." टॅक्सीत अब्बा म्हणाले, "औषध नाय, सुई नाय, मशीन नाय. बोलायचं मी. मग पैसे तिने मला द्यायला नकोत?" तिसऱ्या वेळी ते गेलेच नाहीत. ओव्हरटाइम मिळाला म्हणे. कळवलंही नाही. न कळवता चुकवलेल्या सिटिंगचे अर्धे पैसे घेतात, तसे त्यांनी घेतले. न बसलेल्या खुर्चीचं भाडं मी भरून आले.

एवढ्यात मामूंनी नवीन पिल्लू सोडलं. "पावत्या जपून ठेव हां. सरकार अर्धे परत देतं. मुहर्रकच्या एका माणसाला मिळाले." कोण माणूस, कसले पैसे, विचारायचं नाही. मला ठाऊक होतं की हे खरं नसणार. पण खरं असलं आणि मी गेलेच नाही तर? हा 'तर' मला झोपू देत नाही. पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या, अर्ज इंग्रजीत लिहिला, हमीदाकडून अरबीत करून घेतला. आरोग्य केंद्रातला माणूस म्हणाला, इथे नाही, मोठ्या ऑफिसात. मोठ्या ऑफिसात म्हणाले, बुक्रा, म्हणजे उद्या. उद्या गेले तर पुन्हा बुक्रा. रजा कापली गेली ती वेगळीच. शेवटी आमच्या शाळेच्या हिशेबनीस मेधाताई, पुण्याच्या, त्यांनी डबा खाता खाता दोन वाक्यांत सांगितलं, "अगं, सरकारची सवलत सरकारच्याच दारात मिळते. बाहेर हौसेने भरलेल्या बिलातलं इथलं सरकार काही परत देत नाही, आणि तुझ्या बाबांची कंपनी तर मुळीच देणार नाही." हौसेने! मला रडूच आलं. मेधाताईंनी भाजीतला बटाटा माझ्या डब्यात टाकला आणि म्हणाल्या, "रागावू नकोस, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण ते स्वस्तातलं दार उघडं असताना ही बंद दारं का ठोठावतेयस?"

तेच तर! मी पुन्हा आरोग्य केंद्रात गेले आणि रेकॉर्डच्या खिडकीवर सरळ विचारलं, या रुग्णालयात गेलं तर व्हिसा देणाऱ्या मालकाला, कफीलला, कळतं का? खिडकीतल्या बाईने हातातली फाइल खाली ठेवली. म्हणाली, आम्ही पेशंटची फाइल कफीलला कशाला पाठवू? मी तिला दोनदा विचारलं. तिने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. हे मी अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "ती बाई तसं बोलणारच." आकिब, त्या वेळी मी आपल्या बापावर ओरडले. जे मी कधी केलं नाही ते केलं. म्हटलं, तुम्हाला बरं व्हायचंच नाही, तुम्हाला फक्त पैसे घालवायचेत! अब्बा उठले. टोपी घातली आणि कॅम्पाच्या बसला निघून गेले. चहा तसाच राहिला.

काल मात्र ते सिटिंगला गेले. मी न सांगता, स्वतःहून. मी नुसती सोबत गेले आणि दारात बसले. आणि अर्ध्या वेळानंतर मॅडमनी दार उघडून मला आत बोलावलं. म्हणाल्या, चाचांना तुमच्यासमोर काही सांगायचं आहे, त्यांना विचारूनच बोलावतेय. अब्बांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. आपल्या लोकांची इथली रीत तुला ठाऊक आहे: माणूस कायमचा घरी निघाला की आपली खाट रिकामी सोडत नाही. मुलगा, भाचा, पुतण्या, कुणाला तरी आणून बसवतो, आणि मगच बॅग बांधतो. तुझ्या दुल्हाभाईंना मीना सलमानच्या गुदामात त्यांच्या चुलत्यांची खाट मिळाली, ती अशीच. अब्बांनी कफीलकडे तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. व्हिसाचे कागद त्याच्या टेबलावर आहेत. "बापाच्या नावावर येड्यांच्या दवाखान्याचा शिक्का बसला, तर कफील काय म्हणेल? याचं रक्त असं, तर पोराचं कसं असेल? आकिबचं येणं पक्कं झालं म्हणजे मी मोकळा. तोवर मला ही खाट धरून बसायचंय." म्हणजे हात थरथरत, झोप नाही, आणि शेजारी दत्तप्रसादची खाट, जिच्यावर झोपायला अजून कुणी नवा माणूस तयार नाही. मॅडमनी विचारलं, "लड़का क्या कहता है?" अब्बांना प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "उसको क्या पूछना? मेरे को किसने पूछा था?"

त्यानंतर अब्बा रडले, आकिब. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि काउंटरवर मुलीने जास्त वेळाचे पैसे मागितले नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, अब्बा, आता तरी सरकारी रुग्णालयात येणार? तर म्हणाले, "आकिब येऊ दे. मग तू म्हणशील तिथं येतो." आता तुझा व्हिसा यायला दोन महिने लागोत की सहा, तोवर ग्राइंडर त्याच हातात.

म्हणून हे पत्र. पैसे मागायला नाही, आणि अम्मीला घाबरवायलाही नाही, तिला यातलं काही वाचून दाखवू नकोस. तू ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. कॅम्पातल्या त्या खाटेवर माझा भाऊ झोपावा असं मला वाटतं का, ते मला विचारू नकोस, कारण मग हे पत्र विचारणारं न राहता सांगणारं होईल. पण दोन महिने मी सगळ्यांना सगळं विचारलं: डॉक्टरला, काउंटरला, खिडकीला, मेधाताईंना. तुला कुणीच काही विचारलं नाही, ना अब्बांनी, ना मी. तर मी विचारते. तुला ती खाट हवी आहे का? जे असेल ते अब्बांना लिही, तुझ्या हाताने, सलमाबादच्या पत्त्यावर. हवी असेल तर लिही की अब्बा, आधी बरे व्हा, मी उशिरा आलो तरी चालेल. आणि नको असेल तर 'नको' हा शब्द अगदी पहिल्या ओळीत लिही. तुझं पत्र अब्बांना मामू वाचून दाखवतील, आणि मामू पहिल्या ओळीनंतर चष्मा काढून बाकीचं आपल्याच मनाने सांगतात.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
उमैमाआपा