निरोगी गटातली ताई

बुधवार, १२ मार्च

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र काल मिळालं. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा जरा बरा आहे, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालू. आमच्या शाळेच्या कँटीनमध्ये नवा ओव्हन आलाय. पावाची एक बाजू करपवतो, दुसरी कच्ची ठेवतो. मुलं दोन्ही बाजू फस्त करतात.

आता तुझ्या पत्राबद्दल. "ताई, तू कधी कोकेनला शिवली नाहीस, तरी तुझा मेंदू माझ्यासारखाच निघाला. म्हणजे खोट जन्माचीच. मग या व्यसनमुक्ती केंद्रात डोकं कशाला फोडू? सोमवारी निघतोय." तीनदा वाचलं. तिन्ही वेळा राग आला, पण तुझा नाही.

तो स्कॅनचा दिवस आठव. सख्ख्या भावंडांचा अभ्यास. एक घेणारं, एक न घेणारं. आधी तू आत गेलास, मग मी. डोक्याभोवती पिंजरा, कानात घण पडल्यासारखे आवाज. बाण दिसला की बटण दाबायचं, शिट्टी वाजली की हात आवरायचा. मला आवरताच येईना. शिट्टी वाजेपर्यंत बोट खाली गेलेलं असायचं. बाहेर आल्यावर तू संशोधक बाईंना इतकं खोदून विचारलंस, की त्या म्हणाल्या, "काही भावंडांत दोघांचंही आवरणं कच्चं दिसतं. कदाचित जन्मापासूनचं असेल." तू 'कदाचित' तेवढं गाळलंस आणि बाकीचं उराशी धरलंस.

आणि मी गप्प बसले. कारण फॉर्मवर "कधी अमली पदार्थ घेतले आहेत का?" याच्यापुढे मी ठळक अक्षरात "नाही" लिहिलं होतं. लघवीची तपासणी स्वच्छ आली. येणारच. आठ वर्षांपूर्वीचं तिच्यात काय दिसणार?

घेत होते, ढब्बू. हॉटेलच्या स्वयंपाकघरात होते ती सहा वर्षं. आधी दुहेरी पाळी रेटायला, मग सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ताईला कामाचा केवढा उरक, म्हणायचात ना सगळे? तो उरक विकत आणलेला होता.

अजून एक आहे. ते टाळायलाच मघाशी ओव्हनचं पुराण लावलं. एकोणिसाव्या वर्षी तू माझ्याकडे राहायला आलास, बाथरूमच्या कपाटात तुला पुडी सापडली आणि तू ती घेतलीस. मी तुझ्या थोबाडीत मारली. म्हटलं, ही माझ्या रूममेटची. त्या बिचारीला बाबांनी फोनवर नाही नाही ते सुनावलं आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली. पुडी माझी होती. तुझी पहिली पुडी माझी होती.

याची माफी कागदावर मागणार नाही, समोर येऊन मागेन. पण माझ्या खोटेपणावर विसंबून तू हात टेकणार असशील, तर ते मी होऊ देणार नाही.

आज सकाळी रजा टाकून बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यामुळे आमचा निष्कर्ष चुकला असता, कळतंय का?"

"कळतंय. माझ्या भावाचा चुकलाच आहे," मी म्हटलं. "पण मला सांगा, असाच मेंदू घेऊन मी सोडलंच ना?"

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

नसेल होत. मला कुठे प्रबंध लिहायचाय? त्यांनी निरोगी गटातून माझं नाव काढलं. बरं झालं.

दुपारी जेवताना बाबांना सांगितलं. घास ताटात ठेवला त्यांनी. मग म्हणाले, "झालं ते झालं. बाहेर कुठे बोलू नकोस."

"बोलणार. त्याला उठता-बसता माझं उदाहरण देता ना? आता अर्धं देऊ नका, पूर्ण द्या."

ताटावरून उठून गेले. आत्ता हे लिहीत असताना दाराशी आले आणि विचारलं, "सोडताना फार त्रास झाला का गं?" मी हो म्हटलं. "मग त्यालाही होत असेल," म्हणाले, आणि गेले.

होतोच आहे तुला, मला ठाऊक आहे. मी तीनदा सोडून तीनदा घसरले, चौथ्यांदा टिकले. खोट जन्माची की नंतरची, ते बाई शोधत बसू देत. माझं बोट आवरत नाही म्हणून मी हात टेकले नाहीत.

तिथे फोन देत नाहीत, म्हणून हे पत्र उद्या स्वतः फाटकावर देऊन जाईन. सोमवारी सकाळी दहाला पुन्हा येईन. बॅग घेऊन निघालास तर आधी मला ओलांडावं लागेल, आणि माझं वजन तुला माहीत आहे. शिव्या घालायच्या असतील तर सगळ्यांसमोर घाल. ऐकून घेईन, पण दारातून हलणार नाही.

सहा वर्षं घेतलेली, आठ वर्षं न घेतलेली,
तुझी ताई