आधी सरांना फोन

४ नोव्हेंबर, सोमवार
चार नंबरमधले काका सकाळी गेले. न्यूमोनिया आटोक्यात आला होता, उद्या-परवा घरी सोडणार होतो. चहा पिता पिता मान टाकली. ड्यूटीवर नवी सिस्टर प्रणिता. मी खालून धावत पोचले तर पोरगी कॉटशेजारी उभी, मोबाइल कानाला. डॉक्टर सरांचा फोन लागत नव्हता आणि ती लावतच होती. काकांच्या छातीला कोणाचा हात लागलेला नाही. मी दाबायला घेतलं, पण काही उपयोग नव्हता.
मुलगा हिंजवडीहून आला, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. "अहो, अचानक कसं?" एवढंच विचारत राहिला. मी म्हटलं, वय होतं. म्हणताना लाज वाटली.

५ नोव्हेंबर, मंगळवार
प्रणिताला काय बोलणार? नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर सरांनीच कागद चिकटवलाय : काहीही झालं तरी आधी सरांना फोन, ते सांगेपर्यंत काही करायचं नाही. मागे एका पेशंटच्या नातेवाइकांनी रिसेप्शनची काच फोडली, सरांची कॉलर धरली. तेव्हा घाबरले ते घाबरलेच. हॉस्पिटल त्यांचं, नियम त्यांचा. आणि ही यवतमाळची पोर, पहिलीच नोकरी, अक्षर न् अक्षर पाळणार.
"मी फोनच लावून राहिली होती ना जी." डबा न उघडता परत नेला.

७ नोव्हेंबर, गुरुवार
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यात तपासणी, सगळ्या सिस्टर्सकडे बीएलएसचं, म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू करायच्या कोर्सचं सर्टिफिकेट पाहिजे. "इन्चार्ज तुम्ही, कोर्स तुम्ही निवडा."
आहेत दोनच. एक मोबाइलवरचा : व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट हातात. दुसरा स्वारगेटजवळ, दोन दिवस, डमीची छाती दाबून दाखवायची. नाही जमलं तर नापास. मी स्वारगेटचा सांगितला.
"दोन दिवस वॉर्ड कोण बघणार, तुमचे मिस्टर?"
"बघतील की. निदान फोन लागायची वाट बघत उभे राहणार नाहीत."
मग मोबाइलचाच ठरला. मला निवडायला कशाला सांगितलं होतं, देव जाणे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
सगळ्या पास. चहाच्या सुट्टीत एकीने सोडवलं, बाकीच्यांनी तिचं बघून बटणं दाबली. मीही त्यातच. आमचा वॉचमन बसला असता तर तोही झाला असता पास.
सर्टिफिकेटं रंगीत छापून रिसेप्शनला टांगलीत. प्रणिता तिथून जाताना मान खाली घालते.
घरी यांच्यावर चिडचिड. पेपर खाली न करता म्हणाले, "एवढं वाटतंय तर आपण स्वतः जा की." टोमणाच, पण बरोबर बोलले. प्रणितालाही नेते.

१७ नोव्हेंबर, रविवार
काल-आज स्वारगेट, रजा टाकून. जिन्यावरची खोली, जमिनीवर डमी मांडलेल्या. नीट दाबलं की आतून टक् वाजतं. माझं निम्म्या वेळा वाजलंच नाही. मनगटं सुजलीत, गुडघे गेले कामातून. कशीबशी पास.
प्रणिताचे हात काय सुंदर चालतात! एकसारखं टक् टक्. पण परीक्षेत शिकवणारा मुलगा म्हणाला, "सिस्टर, पेशंट पडलाय, सुरू करा," आणि पोरगी ताठ. हात ॲप्रनच्या खिशाकडे.
"काय करताय?"
"सरांना फोन."
"फोन दुसऱ्याला करायला सांगा. तुम्ही छातीवर या."
उभीच राहिली. नापास. फेरपरीक्षा १ डिसेंबरला.
बसमध्ये ढसाढसा रडली. "काकांजवळ पण असंच झालं होतं जी. सगळं माहीत असून हलताच येत नव्हतं." पाठीवर हात ठेवला.

२० नोव्हेंबर, बुधवार
प्रणितासाठी १ तारखेची सुट्टी मागितली. सरांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं.
"फेल झाली? पण मुळात गेलीच कशाला? आपलं सर्टिफिकेट होतं ना."
सुट्टी दिली, उपकार केल्यासारखी.
दुपारी स्टोअररूममध्ये गादीच्या वळकटीवर सराव. मी ओरडते, "पडला!" ती सुरू. आज पहिल्यांदा हात खिशाकडे गेला नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार
मांजरी गावच्या मावशी. लेक इथे जवळच कर्वेनगरात राहते म्हणून आमच्याकडे ॲडमिट. बाथरूममधून येताना दारातच कोसळल्या. नाडी नाही.
प्रणिताने फोन नाही केला. आयाबाईंना ओरडली, "तुम्ही लावा फोन," आणि फरशीवर गुडघे टेकून सुरू. मी पोचले, मग आळीपाळीने. नाडी लागली. लागली! सर आले तोवर मावशी श्वास घेत होत्या.
मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. व्हेंटिलेटरवर आहेत, शुद्ध नाही. दोन बरगड्या मोडल्या. मोडतात, कोर्समध्ये आधीच सांगितलं होतं.
मुलगा उसाच्या रानातून तसाच आला. मी बरगड्यांचं सांगितलं, तर म्हणतो, "ताई, आय जित्ती हाय न्हवं? मग बरगडीचं काय घिऊन बसलाय?"
संध्याकाळी प्रणिता पोटभर जेवली. बघून बरं वाटलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
सरांनी प्रणिताच्या नावाने मेमो काढलाय. नियम मोडला, पेशंटला इजा केली. इन्चार्ज म्हणून खाली माझी सही पाहिजे, सोमवारपर्यंत. मेमोनंतर ती काही इथे राहत नाही.
मी म्हटलं, "सर, तिच्याकडे सर्टिफिकेट आहे. तुम्हीच बाहेर टांगलंय."
"ते तपासणीसाठी, सिस्टर. खऱ्या कोर्सात ती नापास आहे, तुम्हीच सांगितलंत. उद्या मावशी गेल्या आणि कोणी वकील घेऊन आलं तर काय सांगू? नापास मुलीने हात कसा लावला?"
खऱ्या कोर्सात म्हणे. असा संताप आला, मेमो तसाच पर्समध्ये कोंबला. सुट्टी मागताना तोंडाला येईल ते कारण सांगायचं होतं, लग्न, बारसं, काहीही.

१ डिसेंबर, रविवार
सकाळी मावशींच्या मुलाला फोन केला. तशाच आहेत.
मेमो पर्समध्ये आहे, बिनसहीचा. प्रणिताला सांगायचं नव्हतं, कोणीतरी सांगितलंच. बसस्टॉपवर म्हणाली, "सिस्टर, आज पडला म्हणतील तेव्हा मी दाबीन. पास होईन मी. पण उद्या वॉर्डात कोणी पडलं तर काय करू जी? तुम्ही सांगाल तसं करीन."
दाब म्हणावं तर पोरीची नोकरी जाते. फोन कर म्हणावं तर माणूस जातं. तेवढ्यात बस आली, मी तिला आधी चढायला लावलं.
आत तिची परीक्षा चालू आहे. मी जिन्यात बसून हे लिहितेय. डमीचा टक् टक् आवाज इथवर येतोय, एकसारखा. बाहेर आली की पुन्हा विचारेल.