एक्केचाळिसावी बरणी

७ जानेवारी २००२, सोमवार
सटाण्याहून सकाळच्या एसटीने नाशिकात आलो. मांडीवर पिशवी, पिशवीत टाक आणि दौत. माझीच विद्यार्थिनी प्रतिभा इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रमुख झाली आहे. संग्रहालयाला मराठी पाट्या हव्यात, गुरुजी, तुम्हीच या, असं तिचं पत्र आलं आणि एकाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली! खोली संग्रहालयाला लागूनच. खिडकीत बुचाचं झाड. आमच्या शाळेच्या खिडकीतही होतं. पोरं कविता चालीवर म्हणायची आणि बाहेर फुलं टपटपायची. आज पुन्हा वर्गात शिरल्यासारखं वाटतंय.

८ जानेवारी
चाळीस बरण्या, प्रत्येकीत एक अपुरा जीव. एक्केचाळिसावी रिकामी. भरलेल्यांपैकी एकीत पेठ तालुक्यातलं करडू आहे, कपाळाखाली एकच डोळा. प्रतिभाने समजावलं. गर्भात पेशी एकमेकींना निरोप धाडतात. एका निरोपाचं नाव हेजहॉग, काट्यांचा गोळा होऊन बसणाऱ्या प्राण्यावरून. कारण तो निरोप नसलेली माशीची अळी अंगभर काटेरी निघाली होती. हाच निरोप चेहऱ्याला दुभंगायला सांगतो. पोचला नाही तर डोळा एकच. हाताच्या कोंबात तो करंगळीच्या कडेने निघतो नि अंगठ्याकडे विरत जातो. भलत्या कडेने निघाला की अंगठ्याजवळ जादा बोट.
मी म्हटलं, म्हणजे हा कित्ताच की. ती हसली. म्हणाली, हो गुरुजी, पण गिरवून झाला की पुसायचा. उतारवयात पुन्हा उमटला तर त्याची गाठ होते.

११ जानेवारी
संग्रहालयाचा शिपाई सहादू, पेठचा, पन्नाशीचा. उजव्या हाताला जन्मापासून दोन अंगठे. जुन्या इंग्रजी पाट्या त्यानेच लिहिलेल्या. आज सहज एक मराठी ओळ लिहून दाखवली. दोन अंगठ्यांच्या चिमट्यात टाक असा बसतो की रेघ हलत नाही. आणि ती वेलांटी!
प्रतिभा म्हणाली, गुरुजी, मजकूर तुम्ही सांगा, लिहील सहादू. तुमचा हात आताशा कापतो ना. मी हो म्हटलं. दुपारचा डबा तसाच परत गेला.

१४ जानेवारी
संक्रांत. सहादूने तिळगूळ दिला, म्हणाला, गोड बोला गुरुजी, लय गप असता. बोललो गोड.
दारावर मोठा फलक लागणार आहे, खाली लिहिणाऱ्याचं नाव. चौतीस वर्षं माझं अक्षर फळ्यावर होतं. रोज संध्याकाळी पुसलं गेलं. जगात माझ्या हातचं काही उरायचं असेल तर हा फलक. तो मला हवा. तसं प्रतिभाला सांगितलं, तेव्हा तिने मुदत दिली: पंधरा फेब्रुवारीपर्यंत दोघांनी लिहून आणा, चांगला तो लावू.

२० जानेवारी
सहादूची एक पाटी पिशवीतून खोलीवर आणली. तिच्यावर पातळ कागद धरून खिडकीच्या उजेडात गिरवत बसलो. पोरांना छडी दाखवून गिरवायला लावणारा मी, शिपायाचं अक्षर गिरवतोय. लाज वाटली. थांबलो मात्र नाही. आठ तास.

२९ जानेवारी
अंगठ्याच्या मुळाशी काटा रुतल्यासारखं. बोरं तोडली होती, बोरीचाच असेल. सुईने कोरलं, काटा नाही.
हात कापायचा थांबला आहे.

४ फेब्रुवारी
तिथे फुगवटा आलाय. दाबला की आत काहीतरी सरकतं. अक्षर सुधारतंय, अगदी हुबेहूब.
सहादूचा धाकटा अंगठा बारीक झालाय, खारकेसारखा. विचारलं तर म्हणाला, थंडीनं असंल.
मला बरं वाटलं. इथे लिहितो, कारण दुसरीकडे सांगता येणार नाही.

९ फेब्रुवारी
नख आलं. तिळाएवढं. पांढरं.
डॉक्टरकडे जायला हवं. पंधरा तारखेनंतर जाईन.

१५ फेब्रुवारी
फलक लिहिला. असं आयुष्यात लिहिलं नव्हतं. प्रतिभाने दोन पावलं मागे जाऊन पाहिला आणि म्हणाली, सहादू, कमाल केलीस.
मी लिहिलाय म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्या बापाकडे पाहावं तसं.
सहादूने हात खिशातून काढला. एकच अंगठा. व्रणही नाही.

१६ फेब्रुवारी
सहादू खोलीवर आला. माझी शाल बाजूला करून हात पाहिला. रागावला नाही. म्हणाला, मागितला असता तं दिला असता, गुरुजी.
मग फलकाखाली स्वतःचं नाव पाहायला गेला. माझ्या हातून ते तिथे लिहिलं गेलंय. मी तर माझंच नाव—

१९ फेब्रुवारी
प्रतिभाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, पण हाडं, सांधे, नख, सगळं घडवत चाललेली गाठ. मुळं मनगटात उतरलीत. हात काढावा लागेल.
प्रतिभा रडली. मग हळूच म्हणाली, नमुना दुर्मीळ आहे, गुरुजी, तुमची हरकत नसेल तर.

२३ फेब्रुवारी
सहादू एक्केचाळिसावी बरणी धुतोय. काच चकचकीत. माझा जुना अंगठा आता हलत नाही. वाळलाय. टाक तो नवा धरतो—

२५ फेब्रुवारी
उद्या सकाळी ऑपरेशन. बरणीची पाटी मीच लिहीन म्हणालो. निदान तिथे माझं— हात माझा आहे, नाव माझंच हवं—
हात आपणच लिहू लागला. थांबत नाही. काय वेलांटी—
नमुना क्रमांक एक्केचाळीस. उजवा हात. अंगठे दोन.
हा हात
माझं नाव लिही म्हणतोय मी. डाव्या हाताने मनगट धरलंय— स काढतोय तो— नको, माझं— हा हात सहा