बाबांचा घास

१० सप्टेंबर, बुधवार
बाबांची तिथी. डेकच्या कठड्यावर घास ठेवला — भात, खीर, वडा, वर तूप. दोन तास कुडकुडत उभी! तारेवर सहा कावळे, पण एक खाली येईल तर शपथ. वरून अरुणाकाकू, माझ्या घरमालकीणबाई, म्हणाल्या, "काही इच्छा राहिली असेल गं. वचन दे."
दिलं. शिकून जंगलाचंच काम करीन, बाबा. चंद्रपूरला वनरक्षक होते ते. लाकूडचोरांनी कुऱ्हाडीनं डोकं फोडलं. मारेकरी मोकाट. इच्छा राहील नाही तर काय!

११ सप्टेंबर
पत्रावळ चाटूनपुसून लख्ख! शिवला! खूप रडले. आता पंधरवडाभर रोज ठेवणार.

१३ सप्टेंबर
कावळा कसला — अस्वल! काळी मादी आणि पिल्लू. पिल्लाचं नाक खिरीनं पांढरं. व्हँकुव्हरला डोंगराखाली राहून मला हे सुचू नये? वन्यजीव खात्याला कळवायला हवं, माहीत आहे. नाही कळवलं. बाबाच आले असं वाटलं. वेडी मी!
कॉलेजचा पेपर थिओडोर रूझवेल्टवर घेतलाय. जंगलं राखणारा राष्ट्राध्यक्ष. शिकारीत अस्वल झाडाला बांधून समोर दिलं, यानं गोळी झाडली नाही. त्यावरून टेडी बेअर. बाबांना आवडला असता.

१६ सप्टेंबर
शिफ्टच्या घाईत घास ठेवला नाही. मादीनं जाळीचं दार फाडलं. काकूंचे यजमान दीनानाथकाका पातेलं बडवत समोर गेले — एका फटक्यात खांद्याचं मांस लोंबायला लागलं. बेचाळीस टाके.
मी परतले तेव्हा वन्यजीव खात्याचा ऑफिसर बंदूक रोखून उभा. काकांची छोटी ऊर्मी किंचाळत होती, "डोन्ट शूट!" दोन गोळ्या. मादी पायऱ्यांवरून घरंगळली, पाय झाडत राहिली. तिसरी गोळी. पिल्लू झाडावर चढून ओरडत होतं. बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं.

१७ सप्टेंबर
ऑफिसरनं विचारलं, "हॅज एनीवन बीन फीडिंग देम?" पिल्लाला माणसाच्या अन्नाची चटक नसेल तर सांभाळून पुन्हा जंगलात सोडतील. असेल तर मारावं लागेल; उद्या ते कुणाच्या तरी दारात जाणारच.
काकू म्हणाल्या, "नोबडी." तो गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. खाडकन कानाखाली बसली. मग स्वतःच रडल्या. "गप्प बस आता. इथं कायम राहायची, तुझी पीआरची फाइल चालू आहे. निदान पिल्लू तरी जगेल!"
गाल अजून जळतोय. पेपर पुरा करायला बसले. रूझवेल्टनं गोळी झाडली नाही, खरं. पण त्या जखमी अस्वलाला संपवा म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं चाकूनं मारलं. खेळण्यावर हे कुणी लिहीत नाही.
काकांचा खांदा डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या वेळी ऊर्मीएवढं कुणी दारात असलं तर?

१८ सप्टेंबर
ऑफिसरला फोन केला. माझं नाव सांगितलं. पिल्लूही खायचं, तेही सांगितलं. "थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट," म्हणाला.
दुपारी मारलं पिल्लाला.
मी गोळी झाडली नाही. फक्त सांगितलं.