सुकुमारच्या पानांवरच्या दुरुस्त्या

४ नोव्हेंबर
साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. सगळ्या बावड्यात मळीचा वास. कपडे आतच वाळत घातले.
सु.ची नवी पानं तपासायला घेतली. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला गणिताच्या सॉफ्टवेअरची ही मराठी पुस्तिका लिहायची, एवढंच काम आहे. सॉफ्टवेअर फुकट, लिहिणाराही फुकट. मी एरवी काने-मात्रे बघते, गणित बघायची वेळ कधी आली नाही.
आज साइनच्या पानावर: ‘कोन अंशांत द्यावा. ३० दिल्यास उत्तर ०.५.’
येत नाही. आपलं सॉफ्टवेअर रेडियन घेतं. ३० दिले तर उणे ०.९८८ येतं. ह्याच चुकीवरून पोरांना वर्गात उभं करणारा माणूस!
घाईत झालं असणार. दुरुस्त केलं. बोलले नाही.

११ नोव्हेंबर
परत. सरासरीच्या पानावर मध्यकाची व्याख्या. वाचायला सुंदर. सु.ची वाक्यं अजून तशीच, सरळ, स्वच्छ. म्हणूनच चूक दिसत नाही पटकन.
दुरुस्त केलं.
आता रोज तो फिरायला गेला की बसते. चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं.

१९ नोव्हेंबर
जयसिंगपूरहून अक्कांचा फोन. सु. भाजी आणायला म्हणून बाहेर पडलेला, तो थेट थोरल्या बहिणीकडं!
“सुनंदा, सुकू हितं आलाय. तुला सांगून आलाय न्हवं?”
“नाही अक्का.”
“चहा पिला, कप अजून पुढ्यात हाय, आणि म्हणतोय, अक्का चहा दे की.” मग आवाज एकदम खाली. “आप्पा शेताकडनं आलं न्हाईत काय म्हणून इचारतोय गं. काय सांगू मी त्याला?”
सासरे जाऊन किती वर्षं झाली.
एसटीनं जाऊन घेऊन आले. वाटेत खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, “ऊस बरा आलाय ह्या साली.” एवढंच.

२६ नोव्हेंबर
राजारामपुरीत डॉ.कडं. तरुण आहेत, मऊ बोलतात.
“सर, शंभरातून सात वजा करत चला.”
“त्र्याण्णव.” लगेच. “शहाऐंशी.” टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. परीक्षेत शेजारच्याकडं बघावं तसं.
मी मान खाली घातली. सांगायला हवं होतं? काय उपयोग.
एमआरआय करायचा आहे.

३ डिसेंबर
रिपोर्ट आला. डॉ. म्हणाले, वाढत जाणार. कमी होत नाही. वेग सांगता येत नाही. गोळ्या दिल्या.
रिक्षात सु. म्हणाला, “माझं नाव तरी सांगता येतंय अजून.” हसला. मला नाही हसता आलं.
गेले दोन आठवडे दवाखान्याच्या धावपळीत पानं तपासली नाहीत.

८ डिसेंबर
केदारचा फोन. पुण्यात असतो, सगळं सॉफ्टवेअर तोच सांभाळतो. सु.चा जुना विद्यार्थी.
समीकरणं सोडवायच्या पानावर सूचना आहे: समीकरणं एकमेकांच्या फार जवळची असतील तर उत्तरावर विसंबून राहता येत नाही. सु.नं दोन-अडीच आठवड्यांपूर्वी ते पान ‘सुधारलं’. त्यातला ‘नाही’ गेला. विसंबून राहता येतं, असं झालं.
नागपूरकडची एक मुलगी, भूजलावर पीएच.डी. करतेय. ते वाचून तिनं उत्तरं तशीच घेतली. त्यावरून गावकऱ्यांना विहिरीची जागा दाखवली. खणली. खडक लागला. गावानं तिला तोंडावर काय काय ऐकवलं.
केदार थांबून थांबून बोलत होता. “मॅडम, सरांचा लिहिण्याचा अधिकार आता काढावा लागेल. तुम्ही सांगता, का मी सांगू?”
“मी सांगते.”
त्या मुलीला पत्र लिहायला बसले. ‘चूक आमची’ इथवर लिहिलं. आमची म्हणजे कुणाची

९ डिसेंबर
सांगितलं नाही. जेवताना सांगणार होते. त्याला मिरच्यांचा ठेचा आवडला, तेच बोलत राहिला.

१३ डिसेंबर
त्यालाच कळलं. कुणी काय बदललं ते पानाच्या इतिहासात दिसतंच. सगळीकडं माझं नाव.
“माझ्या पाठीमागं माझी पानं खोडतीस?”
“चुका होत्या.”
“मी काय खुळा हाय व्हय? पस्तीस वर्षं शिकवलंय हे!” शेजारच्या कांबळे वहिनी दारात आल्या, बघून परत गेल्या.
मीही चिडले. चिडायला नको होतं. म्हटलं, “बस इथं. साइन ३० टाक.”
टाकलं. उणे ०.९८८.
परत टाकलं. मग विचारलं, “आणि पानावरचं ते ०.५ माझं आहे?”
“हो.”
“अजून?”
सगळं सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. तेवढं गाळायला हवं होतं का. पण त्यानंच एवढं सगळं शिकवलं पोरांना, त्याच्याशी खोटं कसं बोलायचं?
दुपारी जेवला नाही.

१४ डिसेंबर
सु.नं स्वतः केदारला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.
“माझी लिहायची किल्ली काढून घे रे.” मग बराच वेळ नुसतं हं, हं. शेवटी, “रडतोस कशाला लेका? मला उद्या आठवणार पण न्हाई.”
फोन ठेवून बाथरूममध्ये गेला. नळ सोडलेला. बराच वेळ.

२ जानेवारी
सु. दिवसभर खुर्चीत. टीव्ही चालू, बघत नाही. अक्का येऊन चार दिवस राहून गेल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, “त्याला कायतरी काम दे गं. असा बसला तर लौकर जाईल.”
त्या मुलीला शेवटी पत्र पाठवलं होतं, तिचं उत्तर आलं. दोन ओळी. विहिरीचं सरांना सांगू नका, लिहिलंय. उशीर झाला, मी आधीच सांगून बसले.

९ जानेवारी
आज सु. चांगला होता. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.
“सुनंदा, एक पान दे मला.”
मी त्याच्याकडं वळले.
“लिहायची सवय आहे हाताला. चुकलं तरी कुणाचं नुकसान होणार नाही, असं एखादं पान बघ.”
बघते म्हटलं.
तो व्हरांड्यात जाऊन बसला, वाट बघत. मी पुस्तिकेची अनुक्रमणिका उघडली. बेरीज. भागाकार. वर्गमूळ. आलेखाचे रंग, इथं थांबले. मग वाटलं, कुणीतरी त्या रंगांवरून पुराची रेषा वाचत असेल. पुढं गेले.
व्हरांड्यातून हाक मारून विचारलं त्यानं, “मिळालं काय?”
“बघतेय,” म्हटलं.